‘आय फील कॉल्ड टू नर्सिंग’ असं अर्जात लिहावं का?

प्रश्न मिरजेहून आला आहे. थोडक्यात असा: ‘मी आठ वर्षं नर्स आहे, त्यातली पाच आयसीयूमध्ये. इंग्लंडच्या एका विद्यापीठात पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करते आहे. सोबत स्वतःविषयी निवेदन द्यायचं आहे. पहिलं वाक्य मी असं लिहिलं: “आय अ‍ॅम कॉल्ड फॉर नर्सिंग सिन्स माय चाइल्डहूड.” माझी केरळची मैत्रीण म्हणाली, “फील कॉल्ड टू” असं हवं. तिच्या घरात हे शब्द रोजचे आहेत, ती ख्रिस्ती आहे. मी नाही, आणि देवाधर्माचंही फारसं करत नाही. मी हे वाक्य वापरलं तर खोटं बोलल्यासारखं होईल का? आणि मराठीत याला नेमकं म्हणतात तरी काय? आईला सांगायचं तर मला शब्दच सापडत नाही.’

ताई, मी बावीस वर्षं पुण्यात नर्सिंग आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखन शिकवते आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत खूपदा आला, पण ‘खोटं होईल का’ असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. म्हणून जरा लांब लिहिते.

आधी व्याकरण. तुमची मैत्रीण बरोबर आहे.

‘कॉल्ड फॉर’ आपल्या तोंडी बसलं ते ‘इंटरव्ह्यूसाठी कॉल आला’ या वाक्यामुळे. मुलाखतीसाठी, तपासणीसाठी, सहीसाठी बोलावणं येतं, आणि प्रत्येक ‘साठी’ला आपण ‘फॉर’ लावतो. मुलाखतीपुरतं ते चालतं. पण व्यवसायाची ओढ सांगताना ‘फॉर’ आला की इंग्रजी वाचणारा अडखळतो. एखादी परिस्थिती अमुक गोष्टीची ‘मागणी करते’ या अर्थानं ते लोक ‘कॉल्स फॉर’ म्हणतात, आणि ‘अनकॉल्ड फॉर’ म्हणजे तर अनाठायी, नको तिथे केलेलं बोलणं. तुम्हाला हवा आहे तो ‘टू’. तो कुठे जायचं ते दाखवतो. त्याच्यापुढे कामाचं नाव ठेवता येतं, ‘कॉल्ड टू नर्सिंग’, ‘कॉल्ड टू मेडिसिन’. किंवा क्रियापद ठेवता येतं, ‘कॉल्ड टू टीच’, ‘कॉल्ड टू केअर फॉर द डाइंग’. क्रियापदाचं वाक्य बहुतेक वेळा जास्त जिवंत होतं, कारण त्यात प्रत्यक्ष काय करायचं आहे ते दिसतं.

दुसरी चूक ‘आय अ‍ॅम कॉल्ड’ची. नुसतं ‘आय अ‍ॅम कॉल्ड’ म्हटलं की इंग्रज माणूस पुढे नाव ऐकायला थांबतो: मला अमुक म्हणतात. शिवाय ‘सिन्स’ आला की ‘अ‍ॅम’ चालत नाही, ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव फेल्ट कॉल्ड टू नर्सिंग सिन्स…’. ‘आय अ‍ॅम फीलिंग कॉल्ड’ही टाळा. ‘मला वाटतंय’चं ते सरळ रूपांतर आहे. अलीकडेच सुरू होऊन वाढत चाललेल्या भावनेसाठी इंग्रजी बोलणारे ‘आय हॅव बीन फीलिंग कॉल्ड’ म्हणतात, पण आठ वर्षांच्या गोष्टीला ते शोभत नाही.

आता या वाक्यातला सगळ्यात दुर्लक्षित शब्द, ‘फील’. तो भरतीचा नाही. ‘आय वॉज कॉल्ड टू नर्सिंग’ म्हणजे मला बोलावणं आलं, हे झालेलंच आहे, शंका नको. ‘आय फील कॉल्ड’ म्हणजे मला तसं जाणवतं; चूकही असेल, पण जाणवतं खरं. दावा कमी, प्रांजळपणा जास्त. तुमच्यासारखीला जर हे शब्द वापरायचेच असतील तर ‘फील’ सोडून वापरू नका. आणखी एक साधं कारण आहे. तुमच्या कामात ‘कॉल’ला रोजचे अर्थ आहेत: कॉल बेल, ऑन कॉल, ‘सरांना कॉल केला’. नर्सनं ‘आय वॉज कॉल्ड टू द वॉर्ड’ लिहिलं की ती धावत वॉर्डात गेली, एवढाच अर्थ होतो.

‘कॉल्ड टू द बार’ हे मात्र वेगळं प्रकरण आहे. गांधीजी १८९१ मध्ये लंडनच्या इनर टेम्पल या वकिलांच्या संस्थेतून आणि पुढे बाबासाहेब तशाच ग्रेज इनमधून ‘कॉल्ड टू द बार’ झाले, म्हणजे त्यांना बॅरिस्टरीची सनद मिळाली. तो एक विधी आहे. आतल्या ओढीचा त्या शब्दांशी संबंध नाही.

व्याकरण इथे संपतं. तुमचा खरा प्रश्न त्याच्यापुढचा आहे.

‘कॉल्ड’ हे कर्मणी रूप आहे. कोणीतरी बोलावल्याशिवाय बोलावणं येत नाही. वाक्यात तो बोलावणारा दिसत नाही, पण त्याची जागा रिकामी ठेवलेली असते, आणि इंग्रजी भाषेत कित्येक शतकं त्या जागी देव होता. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘कॉलिंग’ आणि ‘कॉल्ड’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात: ज्या स्थितीत बोलावणं झालं तिच्यातच प्रत्येकानं राहावं. मध्ययुगातल्या युरोपात असं बोलावणं मुख्यतः मठात जाणाऱ्यांचं आणि धर्मगुरूंचं मानलं जाई. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकानं ते सगळ्यांना खुलं केलं. चांभाराचं काम, मोलकरणीचं काम, आईचं काम, हेही देवाचंच बोलावणं. जर्मनमधला ‘बेरूफ’ हा शब्द याच मुळाचा; त्यात ‘रूफेन’ म्हणजे हाक मारणं आहे आणि आज त्याचा सरळ अर्थ धंदा-व्यवसाय. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये याच शब्दावर आपल्या प्रसिद्ध निबंधाचा मोठा भाग उभा केला. इंग्रजीत लॅटिनमधून आलेला ‘व्होकेशन’ हा सख्खा भाऊ, त्याचंही मूळ हाक मारणं. आपल्याकडे त्याचंच ‘व्होकेशनल’ झालं, आणि अकरावी-बारावीच्या व्होकेशनल कोर्समध्ये शिकणाऱ्या मुलाला कोणी सांगतही नाही की त्याच्या कोर्सच्या नावात हाक दडलेली आहे. (तुम्ही ‘व्होकेशनल इंटरेस्ट’ असं लिहिण्याच्या मोहात पडू नका. तिकडेही त्या विशेषणाचा अर्थ हाताचं कौशल्य, नोकरीचं शिक्षण असाच घेतात.)

तुम्ही रोज ऐकता तो ‘सिस्टर’ हा शब्दही त्याच घरातून आला. रुग्णांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींची, म्हणजे नन्सची, ती हाक. आज सांगलीच्या सरकारी दवाखान्यात कोणी ‘सिस्टर, जरा सलाइन बघा’ म्हणतं तेव्हा त्यात धर्म उरलेला नसतो. ‘कॉलिंग’चंही बरंचसं तसं झालं आहे. देव न मानणारे शिक्षक, शास्त्रज्ञ, सुतार हा शब्द बिनदिक्कत वापरतात आणि ऐकणारा त्यांना चर्चचं नाव विचारत नाही. त्यामुळे खोटं बोलल्याचा ठपका तुमच्यावर येणार नाही.

पण ठपका येत नाही म्हणून शब्द आपला होत नाही. म्हणून मी प्रत्येकाला विचारते: तुम्हाला कोणी हाक मारली? देव नसेल तर नसो. एक रुग्ण असेल, गाव असेल, एखादा प्रसंग असेल, कोणाचं तरी अर्धं राहिलेलं काम असेल. ती जागा भरता आली तर वाक्य तुमचं. भरता येत नसेल तर ‘मला आवडतं’ एवढंच म्हणायचं आहे, आणि त्याला ‘आय एन्जॉय’ पुरतं.

आता मराठी. शब्द सापडत नाही म्हणता, पण आपल्याकडे शब्दांची वाण नाही. अडचण अशी की ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सगळ्यात तंतोतंत शब्द आहे ‘पाचारण’. मराठी बायबलमध्ये हाच आहे. वसईतल्या कॅथलिक घरात ‘त्याला पाचारण आहे’ म्हटलं की मुलगा धर्मगुरू होणार हे आजीला कळतं. चर्चमध्ये पाचारणासाठी प्रार्थनेचा एक खास रविवारही असतो. पोप सहावे पॉल यांनी तो नेमून दिला आणि १९६४ पासून जगभर तो पाळला जातो. हाच शब्द मिरजेत तुमच्या आईला सांगून बघा. तिला आठवेल पेपरातली बातमी: अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं. शब्द एकच, पण वसईचा वाचक आणि मिरजेचा वाचक त्यात निरनिराळं ऐकतात. म्हणून भाषांतर करताना वाचक कोण हे कळल्याशिवाय मी हा शब्द लिहीत नाही.

दुसरा शब्द ‘व्रत’ आणि त्याच्याहून जुना, घरगुती ‘वसा’. श्रावणातल्या कहाण्या आठवा. गरीब ब्राह्मण रानात जातो, तिथे बायका वसा वसत असतात. तो विचारतो, कशाचा वसा वसता ते मला सांगा. त्या सांगत नाहीत लगेच. म्हणतात, तुला वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. तो कबूल करतो, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही, आणि मगच त्याला वसा मिळतो. बघा, इथे हाक कोणीच मारलेली नाही. माणूस आपणहून मागतो, आणि देणारा आधी त्याची पारख करतो. इंग्रजी ‘कॉलिंग’ येतं. आपला वसा घेतला जातो. ‘रुग्णसेवेचं व्रत घेतलं’ हे वाक्य आपण सहज लिहितो आणि त्याचं इंग्रजी करताना ‘कॉलिंग’ लिहून मोकळे होतो, तिथे कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते. व्रतासाठी ‘कमिटेड’, ‘डेडिकेटेड’ जास्त जवळचे.

मग हाक येते आणि जावं लागतं, असं मराठीत कोणी म्हटलंच नाही का? म्हटलं आहे, आणि इतकं स्पष्ट की मला तरी त्याच्या तोडीचं दुसरीकडे सापडलेलं नाही. तुकोबांचा अभंग आहे: नामदेवांनी स्वप्नात येऊन जागं केलं, सोबत पांडुरंगाला घेऊन आले. आणि पुढे, ‘सांगितलें काम करावें कवित्व’. देहूच्या वाण्याला कवी व्हायचा हा आदेश. त्यात ‘दिव्य प्रेरणा’ वगैरे काही नाही, शब्द आहे ‘काम’. घरातलं मोठं माणूस लहानाला हक्कानं सांगतं तसं काम सांगितलं. इतकंच नाही, हे काम नवंही नाही. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता. त्यातले जे उरले ते तुक्यानं पुरे करावेत, असं अभंग म्हणतो. म्हणजे हाक मारणारा स्वतः त्याच कामातला, त्याचं काम उरलेलं, आणि ते ज्याच्या हाती द्यायचं त्याला त्यानं झोपेतून उठवलं.

मी वर्गात हा अभंग घेते तेव्हा मुलं विचारतात, मॅडम, हे इंग्रजीच्या तासाला कशाला? याच्यासाठीच. ‘कॉल्ड टू’ समजायला ‘सांगितलेलं काम’ ही कल्पना सगळ्यात जवळची आहे. बोलावणारा आहे, ऐकणारा आहे, काम ठरलेलं आहे, आणि नकार द्यायची मुभा असूनही देववत नाही. हे तुमच्या आईला नक्की कळेल.

उरलेले शब्द थोडक्यात. ‘ओढ’ म्हणजे ‘ड्रॉन टू’. बोलावणारा कोणी नाही, फक्त खेच आहे. ज्यांना ‘कॉल्ड’ जड वाटतं त्यांच्यासाठी हा सगळ्यात सुरक्षित प्रयोग आहे, आणि मी दहापैकी सात अर्जांत तोच सुचवते. ‘शिक्षकाचा पिंड आहे’ म्हणजे ‘कट आउट फॉर’. तो कुवतीबद्दल बोलतो, इच्छेबद्दल नाही. ‘ध्यास’, ‘वेड’ यांना ‘पॅशन’ म्हणतात, पण हा शब्द अर्जांत इतका घासून गुळगुळीत झाला आहे की वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो आता दिसतच नाही. ‘बॉर्न टू’ स्वतःबद्दल लिहू नका, फुशारकी वाटते. आणि कोणी तुम्हाला ‘यू मिस्ड युअर कॉलिंग’ म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही केलेल्या पुरणपोळ्यांचं ते कौतुक असतं.

आता एक खरं पत्र सांगते. एका मराठी मुलीनं परदेशी कॉलेजच्या प्रवेशासाठी, इंग्रजीत, स्वतःविषयी लिहिलेलं. वर्ष १८८३, मुलगी अठरा वर्षांची, कॉलेज फिलाडेल्फियाचं वूमन्स मेडिकल कॉलेज. आनंदीबाई जोशी. तुमच्यासारखाच अर्ज, फरक एवढाच की त्यांच्याआधी या वाटेनं गेलेली आणि विचारायला सापडेल अशी मराठी बाई नव्हती.

त्या पत्रात ‘कॉलिंग’ हा शब्द न घालता त्यांनी ते सगळं सांगितलं आहे. आधी त्या सांगतात की आप्त आणि जात यांचा एकजूट विरोध असतानाही ज्या निश्चयानं मला तुमच्या देशात आणलं, तोच निश्चय मला पुढेही नेईल. मग गरज सांगतात: माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत हवी आहे, आणि पुरुष डॉक्टरच्या हातून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात. आणि हे सांगून झाल्यावरच ते वाक्य येतं: ‘द व्हॉइस ऑफ ह्युमॅनिटी इज विथ मी अँड आय मस्ट नॉट फेल.’ मानवतेचा आवाज माझ्यासोबत आहे, मला अपयशी होऊन चालणार नाही. त्याच्या पाठोपाठ: ज्यांना स्वतःला मदत करता येत नाही अशा अनेकांना मदत करायला माझा जीव हलला आहे, ‘माय सोल इज मूव्हड’.

मी हे पत्र किती वेळा वाचलं असेल, दर वेळी या क्रमापाशी थांबते. आवाजाचं नाव त्या सांगतात, म्हणजे बोलावणाऱ्याची जागा भरलेली आहे, आणि तिथे देव नाही, माणसं आहेत. हे लिहिताना त्यांनी धर्म बदललेला नव्हता, बदलणारही नव्हत्या, आणि त्या काळी तसं दडपण थोडं नव्हतं. तरी उसन्या शब्दात न शिरता त्यांनी आपला शब्द घडवला. आणि गरज आधी, आवाज नंतर. तुम्ही मला पाठवलेल्या निवेदनात हा क्रम उलटा आहे. पहिल्याच ओळीत बोलावणं येतं आणि कशासाठी ते दुसऱ्या पानावर कळतं. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी, बाविसाव्या वाढदिवसाच्या आधी, त्या गेल्या. हे लिहितानाही हात थांबतो.

‘लहानपणापासून’ हे शब्द काढून टाका असं मी म्हणते त्यालाही कारण आहे. ज्यांच्या हाकेची नोंद खरोखर तारखेसह आहे, त्यांच्याकडे बघा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहून ठेवलं आहे की ७ फेब्रुवारी १८३७ रोजी देवानं मला त्याच्या सेवेला बोलावलं. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. सेवा म्हणजे कोणतं काम, हे मात्र त्या हाकेत नव्हतं. रुग्णसेवा हे ठरायला वर्षं गेली, १८४५ मध्ये रुग्णालयात शिकायला जाऊ द्या म्हटलं तर घरच्यांनी नकार दिला, आणि लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर पहिली जबाबदारी हाती आली ती १८५३ मध्ये. हाक आणि काम यांच्यात सोळा वर्षं. ‘टू’च्या पुढची जागा इतका काळ कोरी राहू शकते.

तुमची गोष्ट मला वेगळी वाटते, ती दुसऱ्या प्रकारची आहे. मदर तेरेसा आधीपासूनच जोगीण होत्या, कोलकात्यात शिकवत होत्या. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबातल्या गरिबांकडे जाण्याची जाणीव झाली, तिला त्या ‘अ कॉल विदिन अ कॉल’ म्हणत. एका हाकेच्या पोटात दुसरी हाक. तुम्ही नर्स आहातच. विद्यापीठाला तुम्ही नर्स का झालात हे फारसं नको आहे, आठ वर्षांनंतर आयसीयू सोडून मरणाऱ्या माणसांकडे का वळता ते हवं आहे. तेव्हा ‘कॉल्ड टू नर्सिंग’ हे मुळात चुकीचं कर्म आहे. तुम्ही ‘कॉल्ड टू पॅलिएटिव्ह केअर’ आहात का, एवढाच प्रश्न.

या क्षेत्रात तर हा विषय पहिल्या दिवसापासून आहे. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग पाठीच्या दुखण्यामुळे रुग्णालयातल्या समाजसेविका. १९४८ मध्ये पोलंडहून आलेला डेव्हिड तास्मा हा कॅन्सरचा रुग्ण त्यांच्यासमोर मरत होता. जाताना त्यानं त्यांना ५०० पौंड ठेवले, मरणाऱ्यांसाठी त्या पुढे जे घर उभारतील त्याची एक खिडकी होण्यासाठी. मरणाऱ्यांसाठी काम करायचं तर डॉक्टर हो, असा सल्ला मिळाला म्हणून त्या डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, उघडलं. सॉन्डर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि बोलावणं हा शब्द त्यांना परका नव्हता. तरी गोष्ट सांगताना पुढे येतो तो तास्मा आणि त्याची खिडकी. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना उभं राहिलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. जमलं तर अर्जाआधी एकदा जाऊन या. तिथे काय पाहिलंत ते निवेदनात आलं तर कुठल्याही वाक्प्रचारापेक्षा वजनदार ठरेल.

एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती मला मनापासून सांगायची आहे. ‘कॉलिंग’ या शब्दाचा उपयोग माणसाला कमी पैशात राबवण्यासाठी होतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं एका खासगी रुग्णालयात पगारवाढ मागितली, तर तिला उत्तर मिळालं, ‘तुम्ही हे व्रत म्हणून घेतलंय ना?’ ती त्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. व्रत तिनं घेतलं होतं, हे खरंच होतं, म्हणून तर ते इतकं लागलं. २००९ मध्ये बंडरसन आणि थॉम्प्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची निगा राखणाऱ्यांचा अभ्यास केला. ज्यांना आपलं काम हे बोलावणं वाटत होतं, त्यांना कामात अर्थ जास्त सापडत होता, आणि तेच लोक त्या कामासाठी पगार, वेळ, सुखसोयी यांवर पाणी सोडायलाही जास्त तयार होते. म्हणजे त्यांची पिळवणूक करणंही सोपं. इंग्लंडमध्ये हा विषय अजून ताजा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सेसच्या संघटनेनं आपल्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा संप केला. तुमचं निवेदन ज्या प्राध्यापिका वाचतील, त्या बहुधा स्वतः नर्स असतील. ‘त्यागाची मूर्ती’ छापाचं लिखाण पाहून त्यांना आनंद होणार नाही. हाकेबरोबर कौशल्य दाखवा: मॉर्फिनचे डोस सांभाळलेत, नातेवाइकांशी अवघड बोलणं केलंत, काय येतं आणि काय शिकायचं बाकी आहे.

आता तुमचा मजकूर. पहिला परिच्छेद मी पूर्ण खोडला आहे. वाईट वाटून घेऊ नका, कारण जे हवं ते तुम्हीच चौथ्या परिच्छेदात लिहून ठेवलं आहे. एका आजोबांना घरी न्यायला सांगितलं गेलं, ‘आता करण्यासारखं काही नाही’ म्हणून. तुम्हाला दिसत होतं की करण्यासारखं खूप आहे. तोंड कोरडं पडलं होतं, कमरेला बेडसोअर होतं, आणि त्यांच्या लेकीला त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते माहीत नव्हतं. ड्यूटी संपल्यावर चाळीस मिनिटं थांबून तुम्ही तिला शिकवलंत. तोंड कापसानं कसं ओलं ठेवायचं, उशी कुठे लावायची. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला, वडील गेल्याचं सांगायला, आणि ती म्हणाली, ‘सिस्टर, ते शांत गेले.’

इथून सुरुवात करा. छोटी वाक्यं ठेवा. ‘द डॉक्टर्स सेड देअर वॉज नथिंग लेफ्ट टू डू. आय कुड सी अ ग्रेट डील लेफ्ट टू डू.’ मग लेकीचं, उशीचं, फोनचं सांगा, चारपाच ओळींत. आणि त्यानंतर, एकदाच: ‘सिन्स दॅट फोन कॉल आय हॅव फेल्ट कॉल्ड टू धिस वर्क.’ इथे ‘कॉल’ दोनदा येतो. कानाला खटकलं तर पहिल्या ठिकाणी ‘सिन्स दॅट डे’ करा. ‘नर्सिंग’ऐवजी ‘धिस वर्क’ मुद्दाम घातलं आहे. कोणतं काम ते वाचणाऱ्यानं नुकतंच पाहिलेलं असतं. बोलावणारं कोण, हेही. पुन्हा कुठे ‘कॉलिंग’, ‘व्होकेशन’, ‘पॅशन’ आलं असेल तर काढा. शेवटच्या परिच्छेदात दोनदा आहे.

तरीही ‘कॉल्ड’ तोंडात बसत नसेल, मोठ्यानं वाचताना कसंतरी होत असेल, तर ‘आय हॅव बीन ड्रॉन टू धिस वर्क’ लिहा. वाक्य तितकंच चांगलं आहे आणि अर्जाचं काही बिघडत नाही. निवडण्यासाठी माझी एक साधी पद्धत आहे. दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचायची, त्या लेकीनं ऐकलं तर तिला कोणतं खरं वाटेल ते बघायचं, आणि तेच ठेवायचं.

आईला काय सांगायचं, हे विचारलं होतं. ‘मला आतून वाटतं’ म्हणालात तर ती म्हणेल, बरं. ‘व्रत’ म्हणालात तर ती काळजीत पडेल, लग्नाचं काय म्हणून. मी असते तर म्हटलं असतं: ‘आई, त्या आजोबांचं डॉक्टरांच्या हातून जे उरलं होतं ना, ते काम मला सांगितलंय. ते नीट शिकायला चालले.’ कोणी सांगितलं असं तिनं विचारलं तर त्या फोनची गोष्ट सांगा.

दुसरा खर्डा झाला की पाठवा. आयसीयूमधली पाच वर्षं एका ओळीत उरकली आहेत, ती मला नीट वाचायची आहेत.